भिडे वाड्यात आता काय बघायचं?

(३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीनिमित्त, वांगणी येथे झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)

आज प्रत्येक शाळेत सावित्रीबाईंच्या फोटोला हार पडला असेल. लहान मुली नऊवारी नेसून, कपाळाला आडवं कुंकू लावून 'मी सावित्री बोलतेय' म्हणाल्या असतील. त्यात वाईट काही नाही, माझी भाचीही आज सकाळी तशीच गेली. पण आपण मोठ्या बायका जमलोय, तर आपलं बोलणं थोडं वेगळं होऊ द्या. मी आज एका इमारतीबद्दल बोलणार आहे. खरं म्हणजे दोन-तीन इमारतींबद्दल.

२०२४ च्या दिवाळीनंतर आपल्या गटातल्या एकोणीस जणी पुण्याला गेलो होतो. वांगणीहून लोकलने कर्जत, तिथून घाट चढून पुणे. बऱ्याच जणींनी लोणावळ्याच्या पुढचं जग पहिल्यांदाच बघितलं. निघण्यापूर्वी ठरलं होतं, मुलींची पहिली शाळा बघायची. बुधवार पेठेत दगडूशेठ हलवाई गणपतीच्या देवळासमोर आम्ही उभ्या राहिलो आणि एका ताईंनी विचारलं, "बाई, शाळा कुठंय?" समोर पत्र्याचं कुंपण होतं आणि आत मोकळी जागा. हार-नारळवाल्यांची गर्दी, रिक्षांचे भोंगे, मागे गणपतीच्या दर्शनाची रांग. भिडे वाडा नव्हताच.

वाडा जाणार हे मला माहीत होतं. तरी ती मोकळी जागा बघून पोटात कसंतरी झालं. म्हणून त्याची गोष्ट नीट सांगते, कारण वर्तमानपत्रात ती तुकड्यातुकड्यांनी आली.

१८४८ साली जोतिराव आणि सावित्रीबाईंनी तात्यासाहेब भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा काढली. तारीख १ जानेवारी सांगतात. काही अभ्यासक ऑगस्ट महिना सांगतात. शाळा देशातली पहिली की नाही यावरही वाद घालणारे आहेत. अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईत १८२४ साली मुलींची शाळा काढली होती. बंगालमध्ये बारासतला १८४७ साली तिथल्याच लोकांनी काढली. या वादात मला फारसा रस नाही. पुण्यासारख्या शहरात, पेशवाई संपून जेमतेम तीस वर्षं झालेली असताना, एका माळ्याच्या मुलाने आणि त्याच्या सतरा वर्षांच्या बायकोने ब्राह्मणाच्या वाड्यात सगळ्या जातींच्या मुलींना शेजारी-शेजारी बसवलं, हे पुरेसं नाही का? पहिल्या सहा मुलींची नावं परंपरेने सांगितली जातात. त्यात जोशी, मोकाशी, देशमुख, थत्ते आहेत, तशीच सोनू पवार आणि जनी करडिलेही आहे. जनी धनगराची. तिचं नाव आमच्या गटातल्या एका धनगर बाईने दोनदा म्हणून घेतलं.

पुढे दीडशे वर्षांत या वाड्याचं काय झालं? तेच, जे शहराच्या मध्यवर्ती पेठेतल्या कुठल्याही वाड्याचं होतं. मालकी बदलली, खाली दुकानं आली, वरचा मजला ढासळत गेला. पुणे महापालिकेने २००६ साली तिथे स्मारक करायचा ठराव केला. मग जागेचा मोबदला, भाडेकरू, न्यायालय. ते प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. चळवळीतल्या लोकांनी त्या वाड्यासमोर किती वेळा आंदोलनं केली असतील याला गणती नाही. शेवटी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने महापालिकेच्या बाजूने निकाल दिला, नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात महापालिकेने ताबा घेतला आणि पडायला आलेला वाडा रात्रीतून पाडला. आता तिथे राष्ट्रीय स्मारक व्हायचं ठरलं आहे.

म्हणजे वाडा वाचवायचा लढा जिंकला तेव्हा वाचवायला वाडा उरलेला नव्हता. मी कोणावर खापर फोडत नाही. पण वीस वर्षं आपण स्मारक करा, स्मारक करा म्हणत होतो तेव्हा त्या वाशांना वाळवी लागत होती, एवढं लक्षात ठेवा.

तिथून आम्ही गंज पेठेत गेलो. आता तिला महात्मा फुले पेठ म्हणतात. तिथला फुले वाडा उभा आहे, सरकारने जपला आहे, कोणीही आत जाऊन बघू शकतं. समताभूमी म्हणतात. छोटं अंगण, बसकं घर, अंगणात तुळशीवृंदावन. त्याच्याखाली जोतिरावांच्या अस्थी आहेत. २८ नोव्हेंबर १८९० ला ते याच घरात गेले. सावित्रीबाईंनी अंत्ययात्रेत स्वतः टिटवं धरलं होतं, असं सांगतात. बाईने टिटवं धरायचं! आजही आपल्याकडे किती जणींना धरू देतात?

अंगणात विहीर आहे. आपल्या घराच्या हौदावर अस्पृश्यांना पाणी भरायला मोकळीक दिली ती १८६८ साली. शाळेनंतर वीस वर्षांनी. हे क्रम नीट बघा. आधी अक्षर, मग १८६३ मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह, मग पाणी. बालहत्या प्रतिबंधक गृह म्हणजे ज्या विधवांना दिवस गेले त्यांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवायचं तर ठेवून जावं. विधवा कुठल्या? मुख्यतः ब्राह्मण घरातल्या, कारण पुनर्विवाहाला बंदी तिथे होती. ज्या घरांतून शेण फेकलं जात होतं त्याच घरांतल्या पोरी रात्री या घराची कडी वाजवत होत्या. त्यांतल्याच एकीचं, काशीबाईचं मूल या दोघांनी १८७४ मध्ये दत्तक घेतलं, तोच डॉक्टर यशवंत. १८९७ च्या प्लेगमध्ये त्याच्याच दवाखान्यासाठी रोगी आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या.

मी फुले वाड्यात उभी राहून हे सांगत होते तेव्हा आमच्याबरोबरच्या एक ताई म्हणाल्या, "बाळंतपणाला बाज कुठं टाकत असतील?" मला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न किती खरा आहे! आपण थोरांच्या घरी गेलो की फोटो आणि सनावळ्या बघतो. बाज कुठे, चूल कुठे, बाळाची लंगोटी कुठे वाळत घालायची, हे कोणी विचारत नाही. काम तर तिथेच चाललेलं असतं.

तसंच त्या शेणाच्या गोष्टीचं आहे. सावित्रीबाई शाळेला जाताना लोक शेण-चिखल मारत, म्हणून त्या बरोबर दुसरं लुगडं नेत. ही गोष्ट आपण इतकी सांगतो की सावित्रीबाई म्हणजे शेण सहन करणारी बाई एवढंच उरतं. सोसणाऱ्या बाईची पूजा करायला आपल्या समाजाला फार आवडतं. मला त्यांची दुसरी बाजू जास्त जवळची वाटते, कारण ती आपल्यासारखीच आहे. त्या कामकरी बाई होत्या. शिक्षिकेचं रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या. अहमदनगरला मिस फरार यांच्याकडे, पुण्यात मिचेल बाईंकडे. त्यांची तीन पत्रं आहेत. १० ऑक्टोबर १८५६ च्या पत्रात त्या माहेरी, नायगावला आजारी आहेत आणि त्यांना काळजी कसली आहे? की आपण नसल्यामुळे फातिमाला त्रास पडत असेल. फातिमा म्हणजे फातिमा शेख. १८४९ मध्ये जोतिरावांच्या वडिलांनी दोघांना घराबाहेर काढलं तेव्हा उस्मान शेख यांच्या घरात आसरा मिळाला, त्या घरातली. सुट्टीवर असलेली बाई आपल्या सहकारी बाईवर कामाचा बोजा पडला म्हणून कासावीस होते. अंगणवाडीताईंनो, आशाताईंनो, हे पत्र तुम्हाला वेगळं समजावून सांगायला पाहिजे का? दुसरं पत्र १८६८ चं. ब्राह्मण मुलगा आणि महार मुलगी यांचं प्रेम, मुलगी गरोदर, गाव दोघांना मारायला निघालेलं आणि ही बाई मध्ये पडून दोघांना वाचवते. हे आज घडलं तर आपण त्याला ऑनर किलिंगची केस म्हणू, आणि आपल्यातल्या किती जणी मध्ये पडतील ते आपलं आपल्याला माहीत. तिसरं १८७७ च्या दुष्काळातलं, ओतूरहून लिहिलेलं.

आणि शाळेचं फळ काय, असं कोणी विचारलं तर मुक्ता साळवेचं नाव घ्या. मातंग समाजातली, चौदा वर्षांची, या शाळेत शिकलेली पोर. १८५५ साली तिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तीन वर्षं शिकलेल्या मुलीने धर्मालाच जाब विचारला. त्यात तिने आपल्या समाजातल्या बायकांच्या बाळंतपणाचे हालही लिहिले आहेत. उघड्यावर बाळंत होणाऱ्या बाईचं दुःख कुठल्या पंडिताने लिहिलं होतं त्याआधी?

पुण्यात आणखी एक ठिकाण आहे, त्याबद्दल थोडंच सांगते. कर्वेनगरला, म्हणजे जुन्या हिंगण्याला, महर्षी कर्व्यांची झोपडी जपून ठेवली आहे. १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, १९०० मध्ये तो हिंगण्याला नेला, तेव्हाची ही झोपडी. तिथूनच पुढे १९०७ ला महिला विद्यालय, १९१६ ला महिला विद्यापीठ. काम मोठं, यात शंका नाही. सुरुवातीला तो आश्रम उच्चवर्णीय विधवांपुरता होता, हेही तितकंच खरं, आणि दोन्ही एका दमात सांगायला हरकत नसावी.

आता मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. गवताची झोपडी सव्वाशे वर्षं टिकली आणि सागवानी वाडा कोसळला. असं का व्हावं?

झोपडी टिकली कारण रावबहादूर गोखल्यांनी दिलेली हिंगण्याची जमीन संस्थेची होती. संस्था चालू राहिली, तिच्या आवारात झोपडी राहिली. फुल्यांच्या शाळेला स्वतःची जागा नव्हती. आज भिड्यांच्या वाड्यात, १८५१ च्या जुलैत चिपळूणकरांच्या वाड्यात, सप्टेंबरात रास्ता पेठेत, पुढच्या मार्चमध्ये वेताळ पेठेत. सगळी उसनवार. भिडे, चिपळूणकर यांनी मोठ्या मनाने जागा दिल्या, त्यांचे उपकारच. पण जागा दुसऱ्याच्या नावावर असली की आठवणसुद्धा दुसऱ्याच्या नावावर राहते. मग दीडशे वर्षांनी न्यायालयात जाऊन ती सोडवून आणावी लागते.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. आपल्यातल्या किती जणींच्या नावावर घर आहे? नवऱ्याने बाहेर काढलं की बाईचं त्या घरातलं वीस वर्षांचं राबणं एका रात्रीत पुसलं जातं. सातबाऱ्यावर, घरपट्टीवर तिचं नाव नसतं. आपला हा गट कुठे बसतो? समाजमंदिरात. त्याची किल्ली कोणाकडे? निवडणूक आली, लग्न आलं, की आपली मीटिंग रद्द. मागच्या वर्षी आपला मुलींचा अभ्यासवर्ग दोन महिने बंद पडला तो याच कारणाने. मुली नव्हत्या असं नाही, शिकवणारी नव्हती असंही नाही. खोली नव्हती.

आता वांगणीकडे येते. आपल्या गावात अंध कुटुंबं खूप आहेत. भाडं परवडतं, लोकल मिळते, म्हणून लांबलांबून येऊन राहिलेली. गाडीत वस्तू विकून पोट भरणारी. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या स्टेशनवर एका अंध आईचं मूल रुळावर पडलं आणि मयूर शेळके या रेल्वे कर्मचाऱ्याने धावत जाऊन ते उचललं, तेव्हा सगळ्या देशाने ते चित्र बघितलं. दोन दिवस आपलं गाव टीव्हीवर होतं. पण त्याच प्लॅटफॉर्मवर रोज सकाळी शाळेच्या वेळेला आईचा हात खांद्यावर घेऊन डब्यात चढणारी दहा-अकरा वर्षांची मुलगी कोणाला दिसत नाही. ती आईचे डोळे आहे. मुलगा असेल तर त्याला शाळेत घालतात आणि मुलीला बरोबर नेतात, हे मी इथे काम करताना एकाहून जास्त घरांत पाहिलं. आईला दोष देऊ नका. तिला सोबत लागते आणि सोबतीला पगार देणारं कोणी नाही. जोतिराव-सावित्रीबाईंना हे कळलं होतं. मुलांनी शाळेत यावं म्हणून ते गरीब मुलांना पैसे देत. सरकारलाही १९९२ मध्ये कळलं, आणि दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना हजेरीसाठी रोज एक रुपया भत्ता सुरू झाला. तीस वर्षं उलटली तरी तो एकच रुपया राहिला. एका रुपयात गाडीतल्या पिना-कंगव्यांच्या धंद्याशी शाळेने स्पर्धा करायची.

डोंगराकडच्या वाड्यापाड्यांवर तर दुसरंच. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, पोरं बरोबर जातात. कायदा म्हणतो एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा, तीन किलोमीटरच्या आत उच्च प्राथमिक. आणि २०२३ मध्ये सरकारच म्हणालं, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करू. अशा शाळा राज्यात चौदा हजारांहून जास्त. मोठी शाळा, चांगली प्रयोगशाळा, ऐकायला छान वाटतं. पण शाळा लांब गेली की आधी कोणाचं दप्तर खाली ठेवलं जातं? सहा मुलींची शाळा काढणाऱ्यांच्या राज्यात वीस मुलं कमी पडतात, याचा मला राग येतो. तो मी लपवत नाही.

आणि २०२४ चा ऑगस्ट. आपल्या पुढच्याच स्टेशनवर, बदलापूरला. चार वर्षांच्या मुलींवर शाळेतच अत्याचार झाला. तक्रार नोंदवायला पालकांना तासन्‌तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक रुळावर उतरले, दिवसभर गाड्या बंद होत्या. आपल्यातल्या काही जणी त्या दिवशी तिथे अडकल्या होत्या, काही मुद्दाम गेल्या होत्या. पुढे सप्टेंबरमध्ये आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला, काहींनी पेढे वाटले, आणि खटल्यात जे बाहेर यायचं होतं त्यातलं बरंचसं त्याच्याबरोबर गेलं. त्यानंतरच्या आठवड्यांत मी ज्या ज्या घरात गेले तिथे एकच ऐकलं: नकोच पाठवायला मुलीला. पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा तिथेच! फरक एवढाच की तेव्हा शाळेबाहेरच्या रस्त्याची भीती होती, आता शाळेच्या आतल्या स्वच्छतागृहाची आहे.

मैत्रिणींनो, १० मार्च २०२२ ला, म्हणजे सावित्रीबाईंच्या स्मृतिदिनीच, सरकारने एक निर्णय काढला होता. प्रत्येक शाळेत 'सखी सावित्री समिती'. तिच्यात महिला पालक, अंगणवाडी सेविका, शिक्षिका, मुलामुलींचे प्रतिनिधी. मुलींची गळती, बालविवाह, सुरक्षितता हे सगळं तिने बघायचं. बदलापूरनंतर चौकशी झाली तेव्हा कळलं की कितीतरी शाळांत ही समिती कागदावरसुद्धा नव्हती. सावित्रीबाईंचं नाव विद्यापीठाला दिलं २०१४ मध्ये, समितीला दिलं, भिडे वाड्याच्या जागेवर त्यांचं स्मारकही होईल. नाव द्यायला आपण कधी कमी पडलो नाही.

स्मारकाला माझा विरोध नाही, उलट ते लवकर व्हावं. पण आपल्या गटाचं एक निवेदन पुणे महापालिकेला जायला हवं आणि त्यात मला दोन गोष्टी हव्यात. एक, तिथे रोज भरणारा वर्ग असावा. सकाळी घरकाम करणाऱ्या, दुपारी शिकू इच्छिणाऱ्या बायांचा, त्याच पेठेतल्या वस्तीतल्या मुलींचा. बुधवार पेठेत वेश्याव्यवसायात अडकलेल्या बायांची मुलं काही पावलांवर राहतात. त्या मुलांसाठी दार उघडं नसेल तर ते कोणाचं स्मारक? दुसरी गोष्ट आपल्या अंध मैत्रिणींमुळे सुचली. फुले वाड्यात त्या दोघींनी वृंदावनाचा दगड, दाराची चौकट, खांब, सगळं हाताने बघितलं. आम्ही फोटोखालच्या ओळी वाचून दाखवत होतो, पण त्यांचं लक्ष हाताकडे. बाहेर आल्यावर एक म्हणाली, "चौकट बुटकी आहे, मोठ्या माणसालाही वाकूनच जावं लागत असंल." आम्हा डोळसांच्या हे लक्षातच आलं नव्हतं. नव्या स्मारकात हात लावून बघता येतील अशा वस्तू हव्यात. पाटी, जुन्या वाड्याची लाकडी प्रतिकृती, मुक्ताचा निबंध ब्रेलमध्ये आणि आवाजात. आणि 'हात लावू नये' ही पाटी शक्य तितकी कमी.

हे झालं पुण्याचं. आपल्याकडचं काम त्याहून जवळ आहे. प्रत्येकीने आपल्या मुलीच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना विचारायचं: सखी सावित्री समितीत कोण कोण आहे? शेवटची बैठक कधी झाली? फलक कुठे लावलाय? तोंडी उत्तरावर समाधान मानू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जाचा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज आपल्या वर्गातल्या मुली लिहून देतील, त्यांना तेवढाच सराव. पोच मिळाली की मला दाखवा, आपण शाळांची यादी करू आणि महिनाअखेरीस गटशिक्षणाधिकाऱ्यांना एकत्र भेटू. खोलीसाठी ग्रामपंचायतीला द्यायचा ठरावही वाचून सह्या करायच्या आहेत. अंगठा चालेल, पण सही येत असेल तर सहीच करा. आणि पुण्याच्या पुढच्या फेरीसाठी नावं त्याच वहीत द्यायची आहेत. गाडीभाडं ज्याचं त्याने, भाकरी घरून.